फाडलेल्या छायाचित्रामागचे आयर्लंड

3 ऑक्टोबर 1992 च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये एनबीसी वाहिनीच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या थेट प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमात शिनेड ओ'कॉनर ही पंचवीस वर्षांची आयरिश रॉक गायिका कोणत्याही वाद्याच्या साथीविना बॉब मार्लीचे 'वॉर' हे गाणे म्हणत होती. डोक्याचे केस तिने मुळापासून काढलेले होते, अंगात पांढरा पोशाख होता आणि शेजारी मेणबत्त्या तेवत होत्या. गाणे संपता संपता तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र कॅमेऱ्यासमोर धरले, त्याचे तुकडे केले, 'खऱ्या शत्रूशी लढा' असे म्हणत ते तुकडे समोर भिरकावले आणि मेणबत्त्या फुंकून विझवल्या. प्रेक्षकांना टाळ्यांची सूचना देणारा दिवा दिग्दर्शकाने लावलाच नाही, त्यामुळे स्टुडिओत पूर्ण शांतता पसरली. त्यानंतर वाहिनीकडे हजारो तक्रारी आल्या, शिनेडला वाहिनीची दारे कायमची बंद झाली आणि तिच्या लोकप्रियतेला लागलेली ओहोटी पुढे कधी पूर्णपणे परतली नाही.

ही घटना साधारणपणे दोन प्रकारे सांगितली जाते. त्या काळी सांगितले जाई की प्रसिद्धीसाठी हपापलेल्या एका तरुणीने कोट्यवधी श्रद्धाळूंच्या भावना दुखावल्या. आता सांगितले जाते की ती काळाच्या पुढे होती आणि शेवटी खरी ठरली. दुसरे कथन पहिल्यापेक्षा न्याय्य आहे, पण तेही अपुरेच आहे, कारण ती नेमके काय म्हणत होती, ते तिला कुठून कळले होते आणि समोरच्यांना ते का कळले नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अमेरिकेत सापडत नाहीत. ती आयर्लंडमध्ये आहेत, आणि त्यासाठी त्या देशात चर्च आणि शासन यांचे नाते कसे होते, हे आधी समजून घ्यावे लागते.

1922 मध्ये ब्रिटिश सत्तेतून बाहेर पडलेल्या आयर्लंडकडे शाळा, रुग्णालये आणि अनाथालये चालवण्यासाठी ना पुरेसा पैसा होता ना माणसे. कॅथलिक चर्चकडे दोन्ही होते. हळूहळू समाजकल्याणाचे जवळजवळ सगळे काम धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या संघांकडे गेले. 1937 च्या राज्यघटनेने कॅथलिक चर्चचे 'विशेष स्थान' लेखी मान्य केले होते आणि ते कलम 1972 च्या सार्वमतानंतरच वगळले गेले. घटस्फोटावर 1995 च्या सार्वमतापर्यंत घटनात्मक बंदी होती. 1983 मध्ये गर्भपातावरील बंदीसुद्धा घटनेत घातली गेली. म्हणजे घराबाहेर पडलेल्या मुलाला शिकवणारे, आजारपणात सांभाळणारे, गैरवर्तनाबद्दल शिक्षा करणारे आणि त्याची तक्रार ऐकून घेणारे लोक बहुतेक वेळा एकाच संस्थेचे असत. तक्रार त्या संस्थेबद्दलच असेल, तर ती घेऊन जायला जागाच उरत नसे.

या व्यवस्थेचा सर्वांत अंधारा भाग म्हणजे 'औद्योगिक शाळा'. गरिबी, पोरकेपण, शाळा बुडवणे किंवा किरकोळ चोरी अशा कारणांवरून न्यायालये मुलांना या शाळांत पाठवत, शासन दर मुलामागे ठरावीक अनुदान देई आणि शाळा धार्मिक संघ चालवत. मुलगा जितका काळ आत राही, तितका काळ अनुदान सुरू राही. तपासणीला येणारे शासकीय अधिकारी मुळातच चर्चपुढे नमून वागणारे होते. या शाळांत काय घडत होते, याची सविस्तर नोंद 2009 मध्ये रायन आयोगाच्या अहवालात आली. पाच खंडांच्या त्या अहवालाने स्पष्ट नमूद केले की मुलग्यांच्या संस्थांमध्ये लैंगिक अत्याचार सर्वत्र बोकाळलेले होते, मारहाण आणि भीती हा कारभाराचाच भाग होता आणि शिक्षण खात्याची वृत्ती धार्मिक संघांपुढे मान तुकवण्याची होती. स्त्रियांसाठी 'मॅग्डलेन धुलाईगृहे' होती. लग्नाआधी गरोदर राहिलेल्या, घरच्यांना नकोशा झालेल्या, इतर संस्थांमधून पाठवलेल्या किंवा नुसत्या निराधार असलेल्या मुली आणि बायका तेथे वेतनाविना कपडे धुण्याचे काम करीत. 1922 ते 1996 या काळात अशा सुमारे 10 हजार स्त्रिया तेथे राहून गेल्या. शेवटचे धुलाईगृह 1996 मध्ये, म्हणजे शिनेडने छायाचित्र फाडल्यानंतर चार वर्षांनी बंद झाले.

शिनेडने हे सगळे वाचून किंवा ऐकून मिळवलेले नव्हते. 8 डिसेंबर 1966 रोजी डब्लिनमध्ये जन्मलेल्या या मुलीने पुढे अनेक वेळा सांगितले की आईने तिला लहानपणी बेदम मारले आणि तिचा छळ केला. शाळा बुडवणे आणि दुकानांतून वस्तू उचलणे यांमुळे पंधराव्या वर्षाच्या सुमारास तिची रवानगी 'अन ग्रियानान' या सुधारगृहात झाली. हे सुधारगृह डब्लिनच्या ड्रमकॉन्ड्रा भागात, हाय पार्क नावाच्या ज्या आवारात होते, तेथेच धर्मभगिनींचे एक मोठे मॅग्डलेन धुलाईगृह होते. तिथल्याच एका सिस्टरने तिला गिटार मिळवून दिली. तिथेच शिक्षा म्हणून तिला एका रात्री धुलाईगृहातल्या वृद्ध, मरणासन्न बायकांच्या खोलीत झोपायला लावले गेले. त्या रात्रीचा अर्थ तिने स्वतः असा सांगितला की तू सुधारली नाहीस, तर तुझाही शेवट असाच होईल, हे तिला दाखवले जात होते. 1993 मध्ये त्या धर्मभगिनींनी आवारातील काही जमीन विकली, तेव्हा तिथल्या दफनभूमीतून 155 स्त्रियांचे अवशेष बाहेर काढले गेले आणि त्यांपैकी अनेकींच्या मृत्यूची नोंदसुद्धा शासनाकडे नव्हती. ज्या बायकांच्या शेजारी ती मुलगी त्या रात्री झोपली होती, त्यांच्यासारख्याच बायकांची ही कहाणी होती. त्यामुळे तिच्या रागाला नुसते बंडखोर वय म्हणून बाजूला सारणे मला शक्य होत नाही.

आता त्या छायाचित्राकडे वळू. ते कुठल्या दुकानातून विकत आणलेले नव्हते. 1979 च्या सप्टेंबरअखेर पोप जॉन पॉल दुसरे आयर्लंडला आले, तेव्हा सुमारे 34 लाख लोकसंख्येच्या त्या देशात डब्लिनच्या फिनिक्स पार्कमधील एका प्रार्थनेला 10 लाखांहून अधिक माणसे जमली होती. त्या दौऱ्यातील ते छायाचित्र शिनेडच्या आईच्या शयनगृहातील भिंतीवर लावलेले होते. याच पोपमहोदयांनी 1986 च्या फेब्रुवारीतील भारतभेटीत गोवा, वसई, मुंबई आणि पुणे येथेही दर्शन दिले होते, त्यामुळे तसे छायाचित्र घराच्या भिंतीवर असणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. 1985 मध्ये मोटार अपघातात आई गेल्यावर शिनेडने ते भिंतीवरून काढून घेतले आणि पुढची सात वर्षे, एका घरातून दुसऱ्या घरात जाताना, ते जपून ठेवले. एक दिवस ते नष्ट करायचे, हे तिच्या मनात होते. ज्या घरात तिने मार खाल्ला त्या घरातली देवभक्ती आणि ज्या संस्थेत तिने त्या म्हाताऱ्या बायका पाहिल्या तिथली देवभक्ती, या दोन्हींवर पांघरूण घालणारी खूण म्हणून ती त्या चित्राकडे पाहत होती. आपला रोख त्या व्यक्तीवर नसून ती ज्या पदाचे आणि संस्थेचे प्रतीक आहे त्यावर आहे, असे तिने त्याच वर्षी मुलाखतीत सांगितलेही होते.

1979 च्या त्याच दौऱ्यातील एक तपशील सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. गॉलवे येथे पोपमहोदयांनी 'आयर्लंडच्या तरुणांनो, माझे तुमच्यावर प्रेम आहे' असे उद्गार काढले आणि लाखो तरुणांनी मिनिटामागून मिनिटे जयघोष केला. ते येण्यापूर्वी त्या जनसमुदायाला गाण्यांनी आणि बोलण्याने खुलवण्याचे काम बिशप एमन केसी आणि फादर मायकेल क्लियरी या दोन अत्यंत लोकप्रिय धर्मगुरूंनी केले होते. 1992 च्या मे महिन्यात केसी यांना एक मुलगा असल्याचे उघड झाले आणि क्लियरी यांच्याबद्दलची तशीच गोष्ट 1993 मधील त्यांच्या मृत्यूनंतर बाहेर आली. हे अत्याचार नव्हेत, आणि या गोष्टींची अत्याचारांशी सरमिसळ करणे चुकीचे ठरेल. पण संततिनियमन, घटस्फोट आणि कौमार्य यांवर देशाला धडे देणाऱ्या संस्थेची उक्ती आणि कृती यांतील दरी सामान्य आयरिश माणसाला त्या वर्षी पहिल्यांदा उघड्या डोळ्यांनी दिसली.

त्याच 1992 च्या फेब्रुवारीत बलात्कारातून गरोदर राहिलेल्या 14 वर्षांच्या एका मुलीला गर्भपातासाठी इंग्लंडला जाण्यास न्यायालयाने मनाई केली होती. देशभर निदर्शने झाली, त्यांत शिनेडही होती, आणि त्याच महिन्याअखेर सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. मात्र घटनेतील बंदी राहिलीच. वीस वर्षांनी, 28 ऑक्टोबर 2012 रोजी, गॉलवेच्या रुग्णालयात सविता हालप्पनवार या 31 वर्षांच्या दंतवैद्यक स्त्रीचा मृत्यू झाला. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट असूनही, हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून तिला गर्भपात नाकारला गेला होता. सविता बेळगावची होती, म्हणून आपल्या वृत्तपत्रांतही ती बातमी अनेक दिवस होती. 2018 च्या मे महिन्यात सार्वमताने ती बंदी घटनेतून काढली, तेव्हा डब्लिनच्या भिंतीवर रंगवलेल्या सविताच्या चित्राभोवती लोकांनी चिठ्ठ्या आणि फुले ठेवली. शिनेड ज्या आयर्लंडविरुद्ध उभी राहिली होती, ते आपल्यापासून वाटते तितके दूर नाही.

मग 1992 मध्ये अमेरिकेतल्या प्रेक्षकाला हे का समजले नाही? पहिले कारण तिने निवडलेल्या भाषेत आहे. 'वॉर' या गाण्याचे शब्द मुळात इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांनी 1963 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत केलेल्या भाषणातून आले आहेत आणि त्यांचा विषय वंशभेद हा आहे. शिनेडने त्यांतील काही शब्द बदलून त्या जागी 'बालकांवरील अत्याचार' आणले. ज्याला मूळ गाणे तोंडपाठ होते त्याला हा बदल जाणवला असेल, पण शनिवारी रात्री विनोदी कार्यक्रम पाहायला बसलेल्या माणसाला फक्त फाटणारे छायाचित्र दिसले. कोणता अत्याचार, कुठला, कोणी लपवला, याबद्दल ती त्या क्षणी एक वाक्यही बोलली नाही. निषेध म्हणून ही कृती विलक्षण होती, पण माहिती म्हणून ती अपुरी होती, आणि तिच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मान्य करायला हरकत नसावी. दुसरे कारण असे की तोपर्यंत बहुसंख्य अमेरिकनांच्या दृष्टीने अशी प्रकरणे म्हणजे एखाद्या धर्मगुरूचे वैयक्तिक स्खलन होते. संस्थेने ती पद्धतशीरपणे दडवली, ही गोष्ट तिथे सर्वदूर पोहोचायला 2002 मधील 'बॉस्टन ग्लोब' वृत्तपत्राचा शोध यावा लागला.

तिसरे कारण तिची आधीची प्रतिमा. 1989 च्या ग्रॅमी सोहळ्यात रॅप संगीताचा पुरस्कार प्रक्षेपणातून वगळल्याच्या निषेधार्थ 'पब्लिक एनिमी' या कृष्णवर्णीय गटाचे चिन्ह डोक्यावर रंगवून ती गायली होती. 1990 मध्ये अमेरिकन गायक प्रिन्सने लिहिलेल्या एका गाण्यामुळे ती जगभर पहिल्या क्रमांकावर पोहोचली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यू जर्सीतील कार्यक्रमापूर्वी अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजवू नये, असा आग्रह तिने धरला. काही नभोवाणी केंद्रांनी तिची गाणी बंद केली आणि फ्रँक सिनात्रा यांनी व्यासपीठावरून तिला लाथ घालण्याची भाषा केली. 1991 मध्ये तिने ग्रॅमी पुरस्कार नाकारला. त्यामुळे छायाचित्र फाडले गेले तेव्हा 'ही नेहमीच काहीतरी करते' असे उत्तर लोकांकडे तयार होते. पुढच्याच आठवड्यात त्याच कार्यक्रमात अभिनेता जो पेशी याने तुकडे चिकटवलेले छायाचित्र दाखवले आणि मी असतो तर तिला थोबाडीत दिली असती असे सांगितले, तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. ज्या स्त्रीने लहानपणी खाल्लेल्या माराबद्दल बोलण्यासाठी तोंड उघडले होते, तिला मारण्याच्या कल्पनेला मिळालेल्या त्या टाळ्या आजही ऐकवत नाहीत.

16 ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या भव्य सभागृहात बॉब डिलनच्या कारकिर्दीची 30 वर्षे साजरी करणारा कार्यक्रम होता. शिनेड मंचावर येताच हुर्यो सुरू झाली. निषेधाच्या गाण्यांमुळे थोर ठरलेल्या गायकाच्या गौरवाला जमलेल्या लोकांमधून ती उठत होती, हे विशेष. तिला डिलनचे एक शांत गाणे म्हणायचे होते. वादकांनी सुरुवात केली, तिने त्यांना थांबवले, पुन्हा 'वॉर'चे शब्द अक्षरशः ओरडून म्हटले आणि ती आत निघून गेली. गायक क्रिस क्रिस्टॉफरसनने तिला धीर दिला, हे चित्रफितीत दिसते.

यानंतरचा आयर्लंडचा इतिहास म्हणजे एकामागून एक उघडत गेलेली दारे आहेत. 1994 मध्ये फादर ब्रेंडन स्मिथ या अनेक मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूच्या प्रत्यार्पणातील दिरंगाईवरून पंतप्रधान अल्बर्ट रेनॉल्ड्स यांचे सरकार कोसळले. 1999 मध्ये पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी संस्थांमध्ये छळ सोसलेल्यांची शासनातर्फे माफी मागितली. 2009 मध्ये, रायन अहवालानंतर काही महिन्यांतच, डब्लिन महाधर्मप्रांताबद्दलचा मर्फी अहवाल आला. 1975 ते 2004 या काळात तक्रारी हाताळताना गुप्तता, बदनामी टाळणे, चर्चची प्रतिष्ठा आणि त्याची मालमत्ता यांनाच प्राधान्य दिले गेले, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या अहवालात एक वरवर कोरडी वाटणारी नोंद आहे : अशा प्रकरणांतून उद्भवू शकणाऱ्या नुकसानभरपाईसाठी महाधर्मप्रांताने 1987 मध्येच विमा उतरवला होता. शिनेडची पहिली ध्वनिमुद्रिका आली ते हे वर्ष. म्हणजे तिने छायाचित्र फाडण्याच्या पाच वर्षे आधी, ती जे सांगू पाहत होती त्याची आर्थिक जोखीम मोजून झाली होती.

2010 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी आयर्लंडच्या कॅथलिकांना खेदपत्र लिहिले आणि शिनेडने 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये लेख लिहून ते अपुरे असल्याचे सांगितले. 2013 मध्ये पंतप्रधान एंडा केनी यांनी मॅग्डलेन धुलाईगृहांतील स्त्रियांची संसदेत माफी मागितली. हे सारे शिनेडमुळे घडले असे मात्र म्हणता येणार नाही. ज्यांनी आपल्यावरील अत्याचार नाव-गावासह सांगितले ते पीडित, त्यांचे म्हणणे पडताळणारे पत्रकार आणि वर्षानुवर्षे साक्षी नोंदवणारे आयोग यांनी ते घडवले. शिनेडचे श्रेय वेगळे आहे. पुरावे बाहेर येण्याआधी, स्वतःचे सगळे काही पणाला लावून, तिने ही गोष्ट मोठ्याने बोलण्याजोगी आहे हे दाखवले.

तिचे प्रत्येक विधान योग्य होते, असाही याचा अर्थ नाही. तरुणपणी तिने आयरिश रिपब्लिकन आर्मी या सशस्त्र संघटनेच्या बाजूने केलेली वक्तव्ये पुढे तिनेच मागे घेतली. 2018 मध्ये इस्लाम स्वीकारल्यावर बिगरमुस्लिमांबद्दल तिने समाजमाध्यमावर लिहिलेले शब्द सरळसरळ द्वेषाचे होते आणि नंतर त्याबद्दल तिने माफी मागितली. ती आयुष्यभर मानसिक आजाराशी झगडत होती आणि त्याबद्दलही उघडपणे बोलत होती, पण तिच्या चुकांना आजार आणि तिच्या धैर्याला स्वभाव म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. ती दोन्हींची धनी होती. तिला धर्मविरोधी ठरवण्याचा आरोप मात्र मुळातच चुकीचा आहे. 1999 मध्ये एका स्वतंत्र पंथाच्या बिशपकडून तिने धर्मगुरूची दीक्षा घेतली, जी कॅथलिक चर्चने अर्थातच मानली नाही. तिच्या गाण्यांत देव सतत येतो आणि इस्लामकडे ती गेली तीही देवाच्या शोधातच. भांडण देवाशी नव्हते, देवाच्या नावाने मुलांना गप्प बसवणाऱ्यांशी होते.

छायाचित्रामुळे कारकीर्द संपली, हे वाक्य तिने कधी मान्य केले नाही. 2021 मधील आत्मकथनात तिने उलटे म्हटले : पहिल्या क्रमांकावर गेलेल्या गाण्यानेच आपल्याला वाटेवरून ढळवले होते आणि त्या रात्रीने पुन्हा वाटेवर आणले. निषेधाची गाणी म्हणणारी गायिका होणे हेच तिला हवे होते. मार्च 2023 मध्ये तिच्या 1990 च्या ध्वनिमुद्रिकेचा आयर्लंडमध्ये गौरव झाला, तेव्हा तिने तो देशातील निर्वासितांना अर्पण केला.

26 जुलै 2023 रोजी लंडनमध्ये, वयाच्या 56 व्या वर्षी तिचे निधन झाले. 8 ऑगस्टला डब्लिनजवळच्या ब्रे या समुद्रकाठच्या गावी अंत्यसंस्कारापूर्वी एका इमामांनी प्रार्थना म्हटली आणि राष्ट्राध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स त्या वेळी उपस्थित होते. तिच्या जुन्या घरासमोरच्या रस्त्यावर दुतर्फा माणसे उभी होती. अंत्ययात्रेच्या पुढे एक जुनी कॅम्परव्हॅन चालली होती आणि तिच्यावरच्या ध्वनिवर्धकांतून बॉब मार्लीचा आवाज येत होता.